पिवळे नर आणि राखाडी नर : फळमाशीच्या जोडीदार-निवडीच्या प्रयोगाच्या नोंदी (ठाणे, मे ते ऑगस्ट)

४ मे

प्रश्न सरळ आहे. एका मादीसमोर पिवळ्या अंगाचा म्यूटंट (जनुकातल्या बदलामुळे वेगळा दिसणारा) नर आणि साधा राखाडी नर ठेवला, तर ती कोणाशी जोडी जमवते, आणि का? माशी ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर. पिवळे नर मीलनात मागे पडतात हे आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९१५ मध्येच लिहून ठेवलं आहे, म्हणजे निकाल माहीत आहे. आपल्याला पाहायचं आहे की पिवळा नर नेमक्या कोणत्या पायरीवर अडतो.

स्टॉक, म्हणजे बाटल्यांत जपलेले वाण, दोन : ओरेगॉन (साध्या राखाडी माश्या) आणि यलो (पिवळ्या म्यूटंट माश्या). म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरातल्या राष्ट्रीय ड्रोसोफिला स्टॉक सेंटरमध्ये वाइल्ड आणि म्यूटंट असे दोन्ही प्रकारचे स्टॉक ठेवलेले असतात. मागवायचे असतील तर डिसेंबर ते फेब्रुवारीत मागवा. मे महिन्यात पार्सल काही तास उन्हात राहिलं तरी व्हायलमधल्या (माश्या वाढवायच्या छोट्या नळ्यांमधल्या) अळ्या मरतात. आलेल्या प्रत्येक स्टॉकच्या निम्म्या व्हायल एसी खोलीत राखीव ठेवल्या, बाकीच्या प्रयोगशाळेच्या कपाटात.

खाद्य : पाणी १ लिटर, गूळ १०० ग्रॅम, रवा १०० ग्रॅम, अगर १० ग्रॅम, प्रोपिओनिक आम्ल ७.५ मिली. गूळ आधी पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा, त्यात उसाच्या काड्या आणि खडे असतात. अगर पूर्ण उकळल्यावरच रवा सोडायचा, तोही एका हाताने ढवळत, नाहीतर गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्यांमध्येच बुरशी धरते. आम्ल शेवटी, मिश्रण ६० अंशांच्या आसपास आल्यावर. उकळत्या खाद्यात टाकलेलं आम्ल वाफेबरोबर उडून जातं आणि बुरशीला अडवायला काही उरत नाही. एका व्हायलला ६ मिली धरलं तर एका घाण्यात साधारण दीडशे व्हायल भरतात. किराणा दुकानातला चायना ग्रास अगरच आहे, पण त्याची घट्ट होण्याची ताकद पुडीगणिक बदलते. प्रयोगासाठी पावडर अगर घ्यावा.

२० मे

कपाटातल्या व्हायलची पहिली पिढी बाहेर आली आणि तिथेच गाडं अडलं. माश्या लहान, अंडी भरपूर, पण अळ्या नाहीत. अंडी दोन दिवसांनीही तशीच पांढरी. खोली दुपारी ३३-३४ अंशांवर जाते. ३० अंशांच्या वर वाढलेले मेलॅनोगॅस्टरचे नर वांझ निघतात. ते मादीमागे धावतात, मीलनही करतात, त्यामुळे वरून सगळं ठीक दिसतं. ठाण्यात मार्च ते मे नुसत्या पंख्यावर ही माशी पाळता येणार नाही. असे नर २५ अंशांवर आणल्यावर काही दिवसांनी सुधारू शकतात, पण प्रयोगात त्यांचा भरवसा नाही. कपाटातलं सगळं टाकून दिलं. वेळ गेला दोन आठवडे. एसी खोलीतल्या राखीव व्हायलमुळे स्टॉक वाचले.

२३ मे

जुना एकदारी फ्रिज आणि एसटीसी-१००० हा तापमानाचा कंट्रोलर जोडून इनक्युबेटर, म्हणजे तापमान कायम ठेवणारं कपाट, तयार केला. फ्रिज साधारण तीन हजार, कंट्रोलर, पंखा, एलईडी पट्टी आणि टायमर मिळून दीड-दोन हजार. प्रयोगशाळेसाठी विकत मिळणारा तयार बीओडी इनक्युबेटर याच्या कितीतरी पट महाग पडतो.

सेटिंग : २५.०, फरक ०.५, कंप्रेसरचा विलंब ५ मिनिटं. विलंब कमी ठेवला तर कंप्रेसर लगेच लगेच सुरू-बंद होऊन जळतो. सेन्सर हवेत लोंबकळत ठेवायचा नाही, पाण्याने भरलेल्या व्हायलमध्ये बुडवायचा. माश्यांना लागणारं तापमान खाद्याचं असतं, आणि हवेतला सेन्सर दार उघडताच कंप्रेसर सुरू करतो. आत ८० मिमीचा कॉम्प्युटरचा पंखा सतत चालू. तो नसताना वरच्या आणि खालच्या कप्प्यात सहा-सात अंशांचा फरक पडत होता. बर्फाच्या कप्प्याखालची जागा मोकळी सोडावी. गरम करायला बल्ब लावू नका, प्रकाशाचं चक्र बिघडतं. इथल्या हवेत बहुतेक वर्ष गार करणंच लागतं.

फ्रिज हवा कोरडी करतो. खाद्य आकसून काचेपासून सुटतं आणि माश्या त्या फटीत शिरून मरतात. तळाला पाण्याचा ट्रे ठेवल्यावर हे थांबलं.

३ जून

एलईडीचा टायमर सकाळी १० ते रात्री १० असा लावला आहे. माश्या कोशातून बाहेर पडतात त्या मुख्यतः उजाडण्याच्या सुमारास. उजाडणं दहाला केलं की हा लोंढा कामाच्या वेळेत येतो.

व्हर्जिन (अजून मीलन न झालेल्या) माद्या जमवण्याचं वेळापत्रक : सकाळी ९ ला बाटलीतल्या सगळ्या माश्या काढून टाका, दुपारी १ ला गोळा करा, संध्याकाळी ५ ला पुन्हा. २५ अंशांवर मादी पहिले आठ तास नराला जवळ येऊ देत नाही, म्हणून ९ ते ५ या वेळातली प्रत्येक मादी व्हर्जिन धरता येते. रात्रीत निघालेल्या सरळ सोडून द्यायच्या. ताज्या मादीचं अंग फिकट असतं आणि पोटात डाव्या बाजूला गडद हिरवट ठिपका दिसतो. तो दिसला तर शंकाच नको. दहा-दहा माद्या एका व्हायलमध्ये ठेवाव्यात. तीन दिवसांनी खाद्यात अळ्या दिसल्या तर पूर्ण व्हायल बाद. नुसती अंडी दिसली तर घाबरू नका, व्हर्जिन मादीही थोडी फलन न झालेली अंडी घालते.

इथे एक गोष्ट नडली. चकतीचा मेकॅनिकल टायमर वीज गेली की थांबतो आणि आल्यावर तिथूनच पुढे चालतो. दोन-तीनदा वीज गेली की ‘सकाळ’ दुपारपर्यंत सरकते आणि माश्या निघण्याची वेळही तिच्यामागे जाते. नऊ ते एकमध्ये माश्या अचानक कमी झाल्या तेव्हा कारण शोधायला आठवडा गेला. आतल्या बॅटरीवर चालणारा डिजिटल टायमरच घ्या.

९ जून

आंब्याचा हंगाम संपत आला तरी तुर्भ्याच्या फळबाजारापासून घरच्या कचऱ्याच्या डब्यापर्यंत सगळीकडे फळमाश्या आहेत. केळ्याचा सापळा लावला की अनेक जाती एकत्र येतात : पाठीवर चंदेरी पट्टे असलेली झॅप्रिओनस इंडियानस, फिकट तपकिरी ड्रोसोफिला अननासी, आणि मेलॅनोगॅस्टर. बाहेरून पकडलेल्या माश्या या प्रयोगाला चालत नाहीत, पण त्या प्रयोगशाळेत घुसतात ही खरी अडचण. उघड्या व्हायलमध्ये बाहेरची एक फलित मादी गेली तरी स्टॉक संपला. खाद्य गार होईपर्यंत मलमलच्या कापडाने झाकायचं, आणि स्टॉक बदलताना खोलीत पिकलेलं फळ ठेवायचं नाही.

आज पहिला क्रॉस लावला. पिवळा स्टॉक आणि ओरेगॉन थेट एकमेकांसमोर उभे केले तर फरक कशाचा ते कळणार नाही. दोन्ही स्टॉक वेगवेगळ्या बाटल्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले, त्यामुळे रंगाशिवाय शेकडो जनुकांत फरक असतो. उपाय म्हणजे पिवळे आणि राखाडी सख्खे भाऊ वापरणे. यलो जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, त्यामुळे हे सोपं जातं.

पहिली पायरी : पिवळ्या व्हर्जिन माद्या × ओरेगॉन नर. मुलगे सगळे पिवळे, मुली सगळ्या राखाडी. एकही मुलगी पिवळी निघाली तर आई व्हर्जिन नव्हती. बाटली टाका.

दुसरी पायरी : त्या राखाडी मुली, व्हर्जिन असताना, × ओरेगॉन नर. मुली सगळ्या राखाडी, मुलग्यांत निम्मे पिवळे, निम्मे राखाडी. एकाच आईचे, एकाच बाटलीतले, त्याच गर्दीत वाढलेले. इथेही पिवळी मुलगी दिसली तर मधली मादी आपल्या पिवळ्या भावाकडून फलित झाली होती. शुद्धतेची तपासणी क्रॉसमध्येच बसलेली आहे, हा या पद्धतीचा मोठा फायदा. मर्यादा एकच, एक्सवर यलोच्या अगदी शेजारी असलेली जनुकं त्याच्याबरोबरच येतात.

बाटलीत पाच माद्या, पाच नर. सहाव्या दिवशी आईबाप काढून टाकायचे. जास्त माद्या ठेवल्या तर अळ्यांची गर्दी होऊन नर बारीक निघतात, आणि मोठ्या नरापुढे बारीक नर हरतो, मग त्याचा रंग कोणताही असो.

४ जुलै

पाऊस. खाद्यावर दोन दिवसांत हिरवी बुरशी, व्हायलच्या काचेवर पाणी, पंख ओले होऊन चिकटलेल्या माश्या. पाण्याचा ट्रे काढला. भरलेल्या व्हायल मलमलखाली रात्रभर पंख्याखाली ठेवून, आतल्या काचेवरचं पाणी पूर्ण सुकल्यावरच बूच लावायला सुरुवात केली. निपाजिन या बुरशीरोधकाचं १० टक्के द्रावण अल्कोहोलमध्ये करून लिटरला १० मिली टाकलं, म्हणजे १ ग्रॅम. बुरशी आटोक्यात आली. वरून टाकायचे यीस्टचे दाणे मोजून चार-पाच. जास्त टाकले तर पावसाळ्यात त्यांचाच लगदा होतो.

माइट्स (बारीक परजीवी किडे) मात्र चिवट. कोशांवर हलणारे पांढरे ठिपके दिसले की ती बाटली प्रयोगातून काढून गोठवून टाकायची. फ्रिजचे कप्पे ७० टक्के अल्कोहोलने पुसायचे, स्टॉक दर चौदा दिवसांनी बदलायचेच, जुन्या बाटल्या ‘असू देत’ म्हणून ठेवायच्या नाहीत. न शोषणाऱ्या कापसाचं घट्ट बूच लावा, सैल बुचातून माइट शेजारच्या व्हायलमध्ये जातो.

१६ जुलै

निरीक्षणाचे कप्पे. वागळे इस्टेटमध्ये अ‍ॅक्रिलिकवर लेझर कटिंग करून मिळतं. तीन थर : तळ ३ मिमी, मधला ५ मिमी, झाकण ३ मिमी. एका जोडीसाठी १० मिमी व्यासाची भोकं, एक मादी-दोन नर चाचणीसाठी २० मिमी. मधला थर दोन भागांत करून मध्ये जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी सरकवली, म्हणजे नर एका बाजूला, मादी दुसऱ्या बाजूला, आणि पट्टी ओढली की घड्याळ सुरू.

लेझरने कापलेल्या अ‍ॅक्रिलिकला उग्र वास असतो. तो असताना माश्या कोपऱ्यात बसून राहतात. बिनवासाच्या साबणाने धुऊन चोवीस तास वाळवल्यावर फरक पडला. अल्कोहोलने पुसायचा मोह आवरा, कापलेल्या कडांना बारीक तडे जातात आणि कप्पा धुरकट होतो. दोन चाचण्यांच्या मध्येही धुणं सक्तीचं : मागच्या माश्यांच्या अंगावरची रसायनं भिंतींना राहतात. मीलन झालेल्या मादीला नराचं सिस-व्हॅक्सेनिल अ‍ॅसिटेट लागलेलं असतं आणि त्या वासाने पुढचा नर थंडावतो. तळाला प्रत्येक वेळी नवा फिल्टर पेपर, किंचित ओला. त्याने स्टॅटिकही कमी होतो.

माश्या उचलायला तोंडाने ओढायची चोषनळी : सिलिकॉनची नळी, टोकाला प्लास्टिकची पिपेट, सांध्यात मलमलची दुहेरी घडी. ईथर, कार्बन डायऑक्साइड, बर्फ यांपैकी काहीही वापरायचं तर चाचणीच्या आदल्या दिवशी. गुंगीतून उठलेली माशी तासाभरात चालते-उडते, पण प्रणयाराधन बराच वेळ मंद राहतं.

२४ जुलै

एक नर-एक मादी जोड्यांनी सुरुवात, दोन्ही राखाडी. पद्धत जमली आहे का ते आधी यावरच पाहावं. नर ४ ते ५ दिवसांचे, कोशातून निघाल्यापासून एकेकटे ठेवलेले. माद्या ३ ते ५ दिवसांच्या. वेळ दिवा लागल्यापासून पहिले दोन तास. खोली २५ अंश. मोबाइलचा कॅमेरा वर, उजेड बाजूने, कारण वरून लावलेल्या दिव्याने कप्पा तापतो.

नर मादीकडे तोंड करून उभा राहतो, मागे लागतो, पुढच्या पायाने तिला टकटक करतो, एक पंख बाहेर काढून थरथरवतो. ही थरथर म्हणजे त्याचं गाणं. त्यात दोन ठोक्यांमधलं अंतर मेलॅनोगॅस्टरमध्ये सुमारे ३५ मिलिसेकंद असतं आणि मादी ते शृंगिकेवरच्या केसाळ अरिस्टाने ऐकते. मग तो मागून चाटतो, पोट वळवून झेप घेतो. जमलं तर मीलन सुमारे वीस मिनिटं चालतं.

पहिल्या दहा मिनिटांत नर जितका वेळ यांपैकी काहीही करत असतो त्याची टक्केवारी म्हणजे कोर्टशिप इंडेक्स. निरोगी नरांचा ६० ते ८० मध्ये यायला हवा. सगळेच नर ३० च्या खाली असतील तर निष्कर्ष काढत बसू नका, तापमान, वास, वय तपासा. माद्या वारंवार अंडनलिका बाहेर काढून नराला हटवत असतील तर त्या व्हर्जिन नाहीत. मीलन न झालेली मादी सहसा पळते, पंख झटकते, लाथ मारते.

५ ऑगस्ट

एक मादी, पिवळा नर, राखाडी भाऊ. साठ मिनिटांची मर्यादा. रंग ओळखायला दुसरी खूण लागत नाही, मात्र नर दिवसाभराचे झाल्यावरच रंगानुसार वेगळे करावेत. ताजे निघालेले राखाडी नरही फिकट पिवळे दिसतात.

राखाडी नर बहुतेक कप्प्यांत जिंकतो. अपेक्षेप्रमाणेच. पण नोंदवहीत ‘मादीने राखाडी निवडला’ असं लिहिण्याआधी व्हिडिओ हळू करून पाहिला आणि तक्ता बदलावा लागला. पिवळा नर कमी पडत नाही. तो मागे लागतो, पंख थरथरवतो, मादी थांबते, तो झेप घेतो आणि घसरतो. पुन्हा झेप, पुन्हा घसरतो. तेवढ्यात राखाडी चढतो.

मार्गारेट बॅस्टॉक यांनी १९५६ मध्ये पिवळ्या नरांचं पंख थरथरवणं कमी पडतं असा अर्थ लावला होता आणि अनेक वर्षं तोच शिकवला गेला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने दाखवलं की दोष मुख्यतः पुढच्या पायांवरच्या काळ्या फणीत आहे. यलो जनुकाशिवाय त्या फणीत मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य भरत नाही, आणि मेलॅनिनविना फणीला मादी नीट धरता येत नाही. म्हणजे ज्याला आपण नकार म्हणत होतो तो नकार नसून पकड सुटणं आहे.

म्हणून तक्त्यात आता चार वेगळे रकाने : पहिली थरथर केव्हा, मादी केव्हा थांबली, झेपा किती, मीलन केव्हा. नुसतं ‘कोण जिंकला’ मोजणारी चाचणी नराची ताकद, दोघांची आपसातली मारामारी आणि मादीची पसंती यांची भेळ करते. एक नर-एक मादी चाचणी शेजारी चालवल्याशिवाय निवड हा शब्द वापरू नये. पिवळा नर एकटा असतानाही झेपा घेऊन घसरतो, म्हणजे स्पर्धकाचा इथे संबंध नाही.

फळमाशीत जोडीदारांची संख्या आणि पिल्लांची संख्या यांचा संबंध पाहणाऱ्या बेटमन यांच्या १९४८ च्या प्रसिद्ध प्रयोगाचीही गत अशीच झाली. पालक ओळखायला त्यांनी दिसणारे म्यूटंट वापरले. २०१२ मध्ये प्रयोग पुन्हा केला तेव्हा दिसलं की दोन्हीकडून म्यूटेशन मिळालेली पिल्लं बरीच मरतात आणि त्यामुळे पालकांची मोजणीच तिरकी होते. खूण म्हणून वापरलेलं म्यूटेशन तटस्थ आहे असं गृहीत धरू नका.

संख्येबद्दल : खरा कल ७०-३० असेल तर तो पकडायला साधारण ५० पूर्ण झालेल्या चाचण्या लागतात. दहा-पंधरा कप्प्यांवर प्रकल्पाचा निष्कर्ष लिहू नये. साठ मिनिटांत जिथे काहीच झालं नाही ते कप्पे गाळायचे नाहीत, वेगळे मोजायचे.

१४ ऑगस्ट

मादीचा खरा नकार कसा दिसतो ते समोर ठेवायला पंख कापलेले राखाडी नर घेतले. आदल्या दिवशी बर्फावर, दोन्ही पंख बुडाशी बारीक कात्रीने कापले. त्यांच्या भावांना तितकाच वेळ बर्फावर ठेवून पंखांची फक्त टोकं छाटली. ही तुलना नसेल तर बर्फाचा परिणाम पंखांच्या नावावर जातो. बर्फावर पाच मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि उठेपर्यंत व्हायल आडवी ठेवा, नाहीतर माश्या खाद्यात रुततात.

फरक तक्त्यात लगेच दिसतो. पंखांविना मुका झालेला नर जोमाने मागे लागतो, पण मादी थांबतच नाही. ती चालत राहते, तो झेपेपर्यंत पोचत नाही किंवा उशिरा पोचतो. पिवळ्याच्या बाबतीत मादी थांबली होती. दोघेही ‘हरलेले’ नर, पण एकाची साखळी मादीच्या कानाशी तुटते, दुसऱ्याची स्वतःच्या पायाशी. मादीची निवड म्हणून नोंदवण्यासारखा यांतला फक्त पहिला प्रकार.

२२ ऑगस्ट

राहिलेली शंका : मादी पिवळा रंग पाहून टाळत असेल का? त्यासाठी लाल उजेडातली चाचणी लावली आहे. ६६० नॅनोमीटरच्या लाल एलईडीत माशीला जवळजवळ काहीच दिसत नाही आणि कॅमेऱ्याला मात्र दिसतं. मोबाइलमध्ये एक्सपोजर हाताने लॉक करा, नाहीतर चित्र गडद-उजळ होत राहतं आणि झेपा मोजता येत नाहीत. अंधारात राखाडी नरही मादीला उशिरा गाठतो, म्हणून मर्यादा साठऐवजी नव्वद मिनिटं, आणि दोन्ही रंगांची तुलना फक्त लाल उजेडातल्या कप्प्यांमध्येच. खोलीतल्या मॉनिटरचा, राउटरच्या हिरव्या दिव्याचा उजेडही काळ्या कागदाने झाकला आहे. नर वेगळे करून ठेवलेत, माद्या तिसऱ्या दिवसावर आहेत. दुसऱ्या पायरीच्या नव्या सहा बाटल्या फ्रिजमध्ये लावल्या, पुढचे भाऊ १ सप्टेंबरपासून निघू लागतील.